डावीकडे कोण उभं होतं

हेनिंग ब्राखमानने पहिला विनोद केला, लोक हसले आणि त्याने डावीकडे पाहिलं. तिथे त्याला कोणी दिसलं नाही. मला तरी काय दिसणार, कॅमेरा त्याच्या तोंडावर होता. पण नेहमीचं माणूस जागेवर नसलं की चेहरा कसा होतो ते मला ठाऊक आहे. ओठ हसायला तयार असतात आणि डोळे आधीच माघारी आलेले असतात. मी चित्र थांबवलं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली, तरी मी उठले नाही. वर्ध्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये भरदुपारी, पंखा गरगरत असताना, मी जर्मनीतल्या एका विनोदवाल्याच्या थांबलेल्या तोंडाकडे बघत बसले. हा चेहरा मी पाहिला होता. मागच्या पोळ्याला, आमच्या गावच्या आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मैदानात, तोरणाखाली. तो माझ्या बापाचा होता.

आता हा ब्राखमान कोण आणि माझा त्याच्याशी संबंध काय, हे सांगायलाच हवं, नाहीतर लोक भलतंच समजतात. माझ्या सासूबाई अजूनही शेजारणीला सांगतात की मोहिनी दिवसभर एका गोऱ्या माणसाला बघत बसते आणि त्याचा तिला पगार मिळतो. खोटं नाही त्यात काही. जर्मन मी पुण्यात शिकले. शिकायला जाते म्हटल्यावर बाबा म्हणाले होते, "जर्मनचं पातेलं असते माय, भाषाबी असते?" ती असते, आणि तिच्यावर पोटही भरतं. हा ब्राखमान तिकडे रात्री उशिरा लागणाऱ्या कार्यक्रमाचा सूत्रधार; येतो, उभ्याउभ्या दिवसभराच्या बातम्यांची टर उडवतो, मग टेबलामागे बसून पाहुण्यांशी गप्पा मारतो. कैक वर्षं हेच करतोय. यंदा तो निवृत्त होणार म्हणून कलोनच्या एका कंपनीने त्याचे जुने भाग बाहेर काढलेत आणि खाली इंग्रजी ओळी लिहायचं काम मला दिलंय. त्याची रात्र मी इथे वरण शिजताना बघते.

भाग मला क्रमाने येत नाहीत. सकाळी येतो तो पांढऱ्या दाढीचा ब्राखमान, चहा झाला की त्याच्या जागी एक किडकिडीत पोरगा उभा राहतो, कोट खांद्यावरून ओघळतोय, कपाळावर घाम. एवढं अख्खं आयुष्य पत्त्यासारखं पिसलेलं हाती आलं की माणूस चौकस होतोच, आणि मी तर जन्माचीच चोंबडी. हा खाटकाचा मुलगा. वेस्टफालियातल्या कुठल्याशा गावात बापाच्या दुकानात उभा राहून गिऱ्हाइकांच्या नकला करायचा. मग सकाळचा रेडिओ. मग बिअरच्या दुकानामागच्या खोलीत, जिथे लोक पाठ करून बसायचे, तिथे त्यांना वळायला लावायचं. मग टीव्ही, आणि मग असे दिवस की मंत्री, बिशप, मोटारी बनवणारे शेठ दुसऱ्या दिवशी एकमेकांना विचारायचे, काल माझं नाव घेतलं का त्याने? नाव घेतलं नाही तर म्हणे चिंता वाटायची. मग एकदा तो वर्षभर गायबच झाला. परत आला तो दाढी घेऊन, आणि नंतरचे विनोद कसे आहेत हे मला नीट सांगता येत नाही. टोकदार आहेत. लोक हसतात. मी ओळी लिहिते, पण हसत नाही, आणि हसू का येत नाही हे मला समजत नव्हतं. सुरुवातीच्या वर्षांत त्याची एक लकब होती: पहिला विनोद झाला की एकदा डावीकडे बघायचा आणि त्याचा चेहरा सैल पडायचा, घरी आल्यासारखा. नंतरच्या वर्षांत ती नाही. आणि मध्ये हा आजचा भाग, ज्यात त्याने पाहिलं आणि चेहरा सैल झाला नाही. डावीकडे कोण उभं होतं?

आमच्याकडे पोळ्याला झडत्या म्हणतात. देवळीहून थोडं आत आमचं गाव आहे. तिथे आखरावर तोरण बांधतात, सजवलेल्या बैलजोड्या रांगेत उभ्या करतात आणि तोरण तुटायच्या आधी एक माणूस पुढे येऊन जुळवलेल्या ओळी म्हणतो. त्या ओळींत गावातल्या कोणाचीही टोपी उडते, शेवटी सगळे "हर बोला, हर हर महादेव" म्हणतात आणि ढोल वाजतो. ज्याचं नाव आलं त्याने रागवायचं नाही, ही रीत. खरं तर राग येतो तो ज्याचं नाव आलं नाही त्याला. वर्षभर गावात राहून एका झडतीच्या लायकीचा नाही झालो काय, असं. आमच्या गावात झडत्या माझे बाबा म्हणतात, कवडूजी. शेतात निंदण चालू असलं तरी त्यांचे ओठ हलत असायचे, आणि आई म्हणायची, बोलू नका कोणी, पोळा शिजून राह्यला. त्यांचं ठरलेलं गिऱ्हाईक म्हणजे गुलाबकाका, त्यांचे लंगोटीयार. गुलाबकाका बायकोला विचारल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत, ही ती गंमत. दरवर्षी तीच, दरवर्षी नवी. "गुलाब निघाला देवळीले, बायकोचा वाटला धाक, अर्ध्या वाटेतून वापस आला, ऐकू आली म्हणे हाक!" गाव खिदळायचं, गुलाबकाका मान डोलवायचे, आणि बाबा झडती संपली की मारुतीच्या पारावर उभ्या बायकांकडे बघायचे. तिथे आनंदाबाई उभी असायची. गुलाबकाकांची बायको. उंच, काळी, कमरेवर हात. ती कधी मोठ्याने हसली नाही. झडती जमली असेल तर हनुवटी किंचित वर करायची. नसेल जमली तर संध्याकाळी आमच्या घरी पुरणपोळ्या घेऊन यायची आणि दारातूनच म्हणायची, "कवडूभाऊ, आवंदा मीठ कमी पडलं." बाबांचा जीव नुसता तळमळायचा. पुढचं वर्षभर ते त्या मिठाच्या मागे असायचे.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात आनंदाबाई गेली. ताप आला, दवाखाना झाला आणि गेली. मग आला पोळा. मी आखरावर होते. बाबांनी ट्रॅक्टरवर म्हटलं, पावसावर म्हटलं, सरपंचावर म्हटलं. लोक हसत होते, पण अर्धवट, वाट बघत असल्यासारखे. आता गुलाबचा नंबर, हे सगळ्यांना माहीत, आणि गुलाबकाका आपल्या जोडीजवळ कासरा धरून उभे, नवं धोतर, खाली बघत. बाबांनी त्यांना सोडून दिलं. दुःखातला माणूस, त्याची काय टिंगल करायची, असा भला विचार. कोणीही हेच केलं असतं. त्यांनी सोयाबीनवर काहीतरी म्हटलं आणि सवयीने पाराकडे पाहिलं. तिथे बायका होत्या, पण ती जागा मोकळी होती. कोणी ठरवून सोडली नव्हती, तरी मोकळी होती. बाबा पुढची ओळ विसरले. आयुष्यात पहिल्यांदा. पोट्ट्यांनी डीजे सुरू केला, तोरण तुटलं, जोड्या पळाल्या, आणि गुलाबकाका बैल घेऊन मागच्या मागे घरी गेले. त्या दिवसापासून ते बाबांशी बोलत नाहीत. समोरून येताना दिसले तर नाल्याकडची वाट धरतात. बाबांना याचा उलगडा होत नाही. "म्या त्याची इज्जत राखली," ते मला फोनवर कितीदा म्हणाले असतील, "आन तोच तोंड फिरवून राह्यला. काऊन, सांग बरं?"

मी कात्रिनला विचारलं. कात्रिन म्हणजे कलोनमधली माझी वरिष्ठ, जिच्याशी दर आठवड्याला पडद्यावर बोलणं होतं. तिला वाटलं मी एखाद्या शब्दाला अडले. मी म्हटलं, शब्द नाही गं, ब्राखमान डावीकडे कोणाला बघायचा? ती आधी हसली, मग म्हणाली, थांब, विचारते, आणि पुढच्या वेळी भेटली तेव्हा तिचा आवाज जरा खाली आला होता. तिथे पाट्या धरणारी बाई उभी असायची. मोठ्या पुठ्ठ्यांवर ओळी लिहून त्या कॅमेऱ्याशेजारी धरायच्या, म्हणजे त्याला आठवतं. रोझविटा तिचं नाव. ती बिअरच्या दुकानापासून त्याच्याबरोबर होती. विनोद आवडला तर ती पुठ्ठा थोडा खाली करायची, म्हणजे तिचं तोंड दिसायचं. नाही आवडला तर पुठ्ठा तसाच. जो भाग बघून मी थांबले होते, तो तिला पुरल्यानंतरचा पहिला. "आणि त्याने काय म्हटलं तिच्याबद्दल?" मी विचारलं. काहीच नाही, कात्रिन म्हणाली. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. प्रेक्षकांना तिचं नाव माहीत नव्हतं, त्यांच्यापुढे काय बोलायचं. मग पुठ्ठे गेले, यंत्र आलं, त्यात ओळी सरकतात. शेवटच्या भागात तरी बोलेल का, मी विचारलं. तो अजून झालाच नाही, कात्रिन म्हणाली, आणि तुला हे सगळं कशाला हवंय?

कशाला हवंय? रात्रभर हाच प्रश्न चावत राहिला. स्वप्निल, माझा नवरा, हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमधून थकून येतो, तो म्हणाला, "लष्कराच्या भाकऱ्या भाजू नको. तुझे बाबा वेगळे, तो जर्मन वेगळा." पण मला राहून राहून वाटत होतं की एका माणसाचं पुढचं सगळं आयुष्य मी आधीच बघून बसलेय. एकदा डावीकडे बघायचं सोडलं की माणूस पुढे कसा होतो, ते माझ्याकडे भागाभागांत पडलंय. त्याने तिचं नाव घेतलं असतं तर? लोक हसले असते का? चुळबुळले असते? ते मात्र माझ्याकडे नाही, कारण ते घडलंच नाही, आणि न घडलेल्याला खाली ओळी लिहिता येत नाहीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी देवळीची बस धरली. दोन्हीकडे कपाशीची पऱ्हाटी कमरेला लागली होती, खिडकीतून ओल्या मातीचा वास येत होता.

बाबा गोठ्यात बैलांच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळत होते. मला बघून त्यांना आनंद झाला आणि त्यांनी तो लपवला. "आली का जर्मनवाली," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता: "या साली म्या झडती म्हणत नाई. पोट्ट्यायले सांगून देल्लं. लावा म्हणा तुमचा डीजे." मी म्हटलं, का? "सुचत नाई." खोटं बोलताना ते बैलाला थोपटतात. मी तिथेच कोंड्याच्या पोत्यावर बसले आणि मोबाइलवर त्यांना ब्राखमान दाखवला. आधी तरुणपणचा. बाबांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण माणूस कळला; "हा थांबते बरोबर," ते म्हणाले, "लोकायले हसू देते, मंग बोलते." त्यांचे हळदीचे हात त्यांनी अंगापासून लांब धरले होते आणि डोळे बारीक केले होते. मग मी तो भाग लावला. पहिला विनोद, हशा, डावीकडे नजर. बैलाने शेपटी मारली. "याचं कोनी गेलं का?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, रोझविटाचं, पुठ्ठ्यांचं. "मंग त्यानं काय केलं?" काही नाही, मी म्हटलं, नाव घेतलं नाही कधी. "हसवते का आजून?" लोक हसतात. "आन तू?" मला नाही येत हसू. "तं तुले पगार कायचा भेटते?" म्हणाले, पण टोमण्यात जीव नव्हता.

आणि मग मी ते बोलले. "बाबा, उद्या म्हणा. आनंदाबाईवर म्हणा." ते असे वळले की मी पोत्यावर मागे सरकले. "डोस्कं फिरलं का तुवं? तिच्या तेरवीले जेवलो मी. आन तिच्यावर गंमत करू? सारं गाव थुकीन माह्या तोंडावर. गुलाब तं जीवच देईन." मी म्हटलं, ती असती तर काय म्हणाली असती? मागच्या वर्षीच्या झडतीला? हळद त्यांच्या बोटांवर सुकायला लागली होती. ती खरवडत ते म्हणाले, "पार खारवून टाकलं असतं तिनं मले." एवढं म्हणून ते दुसऱ्या बैलाकडे गेले, आणि मी तिथे बसून घाबरायला लागले. कशाच्या जोरावर बोलले मी? एका परक्या माणसाच्या चेहऱ्याच्या. गुलाबकाकांना मी विचारलं नव्हतं, विचारायचा धीर नव्हता. जमलं नाही तर जे थोडंफार उरलंय तेही तुटेल, बाबा परत कधी तोंड उघडणार नाहीत, आणि ती नसती उठाठेव माझी असेल. जेवताना बाबांचे ओठ हलत होते. आईने माझ्याकडे पाहिलं आणि गुपचूप भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर आखर भरला. बैलांच्या शिंगांना रंग, पाठीवर झुली, गोंडे, घुंगरांचा नुसता कल्लोळ. गुलाबकाका रांगेत शेवटी होते. त्यांनी जोडी सजवली होती पण धोतर जुनंच होतं. मी पारावर बायकांत उभी राहिले. ती जागा टाळून. बाबा पुढे आले तसं कोणीतरी डीजे बंद केला. "कागदावर झाला रस्ता, चिखलात फसली गाडी, सरपंचाले काढाले लागली माहीच बैलजोडी!" हर बोला, हर हर महादेव. सरपंच सगळ्यांत मोठ्याने. "पोरगी शिकली जर्मन भाषा, पाह्यते परका गडी, बापासंग बोलाले तिले भेटत नाई घडी!" सगळा पार माझ्याकडे वळून फिदीफिदी हसला, माझे कान तापले, आणि खरं सांगते, इतकं बरं वाटलं. म्हणजे मी आहे तर या गावची. मग बाबा थांबले. ब्राखमान थांबायचा त्याहून जास्त. त्यांनी पाराकडे पाहिलं, त्या मोकळ्या जागेकडे, आणि नजर काढली नाही.

"आनंदाबाई कैलासी गेली, तिथंई तिचंच राज," बाबा म्हणाले, आणि आवाज थोडा फाटला, "महादेव पुसते हात जोडून, जाऊ का वो बाहेर आज?"

कोणी हर बोला म्हटलं नाही. ढोलवाल्याने काडी उचलली होती ती तशीच वर राहिली. एक बाई माझ्या शेजारी पुटपुटली, "अव्वा!" आणि तोंडाला पदर लावला. सगळ्या माना एकदम रांगेच्या शेवटाकडे वळल्या. गुलाबकाकांनी कासरा शेजारच्याच्या हातात दिला आणि चालायला लागले. बैलांच्या रांगेजवळून, सावकाश, थेट तोरणाखाली. तोरण तुटेपर्यंत त्याखालून कोणी जात नाही. कोणी त्यांना अडवलंही नाही. ते बाबांसमोर येऊन उभे राहिले. मारतात आता, मला वाटलं, आणि मारलं तर त्यांचं बरोबर, आणि हे सगळं मी केलं.

"सालभरात," गुलाबकाका म्हणाले, एवढ्या मोठ्याने की पारापर्यंत ऐकू आलं, "सालभरात तिचं नाव कोनी घेतलं नाई माह्या म्होरं. मले पाह्यलं का लोक दुसरीच गोष्ट काढते. मले वाटे पोळ्याले तरी कवडू घेईन. तूबी नाई घेतलं."

आणि मग गुलाबकाकांनी, ज्यांनी जन्मात कधी झडती म्हटली नव्हती, ज्यांच्यावर फक्त म्हटल्या गेल्या, त्यांनी गावाकडे तोंड केलं, हात वर केला जसा बाबा करतात, आणि चाचरत, सूर सोडून म्हटलं, "तिथं महादेव तिले पुसते, तिथं तिचंच राज. इथं मले पुसाले कोनी नाई, जाऊ कुठं मी आज?"

आखरावर बैलही हलत नव्हते.

"माह्या घरी ये," बाबा म्हणाले. "पुसाचं काम नाई."